थोरली अजून हवेत आहे

१

थोरलीच्या डोक्यात बसून दुपारचा चहा प्यायचा, हा तिचा शिरस्ता होता. थोरली म्हणजे विमान. संग्रहालयातलं सगळ्यात दांडगं, इतकं की बाकीची धाकटी विमानं तिच्या पंखांखाली लेकरांसारखी मावत. आणि चहा पिणारी बाई म्हणजे जुन्या विमानांची डागडुजी करणारी, जिला सगळं संग्रहालय ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत असे. तिला हे नाव आवडत नाही असं ती सांगायची, पण कुणी थट्टेने करून दिलेली त्या नावाची पाटी तिने टेबलावरून कधी काढली नाही.

थोरली एके काळी अणुशक्तीवर उडायची. भट्टी शेपटाकडे, माणसं नाकाकडे आणि मध्ये राखता येईल तेवढं अंतर. तेवढ्यानेही भागेना म्हणून माणसांसाठी एक बंद खोलीच केलेली: चारी बाजूंनी शिसं, त्यावर रबर, तिजोरीने लाजावं असं दार आणि समोर वीतभर जाडीची पिवळट काच. आत दोन खुर्च्या. भट्टी केव्हाच काढून नेऊन काँक्रीटमध्ये पुरून टाकली होती, आणि ती जिथे होती तिथे आता झाडू आणि बादल्या ठेवत. किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र तिने या विमानात कानाकोपऱ्यांतून फिरवलं होतं, पण यंत्राने कधी हूं की चूं केलं नव्हतं. थोरली निर्मळ होती.

नव्या दालनाचं उद्घाटन तोंडावर आलेलं. बाहेर हातोडे, रंगारी आणि संचालकांचा चढा आवाज. म्हणून ती खोलीत शिरायची, दार लोटायची, की जग बंद. त्या दुपारी तिने पेला उजव्या खुर्चीसमोरच्या फळीवर ठेवला, बिस्कीट काढलं आणि बुडवायला गेली तर चहा तिरका.

पेला सरळ होता. फळी सरळ होती. चहा मात्र डावीकडे काठापर्यंत चढलेला आणि उजवीकडे उतरलेला, आणि जरासुद्धा हलत नव्हता. ती बघतच राहिली. मग चहा हळूहळू सपाट झाला, एखादा माणूस कूस बदलून पुन्हा उताणा निजावा तसा.

डोळ्यांची तपासणी करून घ्यायला हवी, असं मनाशी म्हणून तिने तो चहा पिऊन टाकला. पण खाली उतरल्यावर ती एकेका चाकाभोवती फिरून आली. हवा जिथल्या तिथे, चाकांखालचे ठोकळे जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी तिने गवंड्याकडची बुडबुड्याची पाणसळ मागून आणली आणि त्याच फळीवर ठेवली. चहाची वेळ झाली तसा बुडबुडा उजवीकडे सरकला, तिथे थांबला आणि सावकाश मध्ये परतला. तिने पाणसळ बाहेर नेऊन जमिनीवर, ओट्यावर, संचालकांच्या टेबलावर ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये बसून राहिला.

२

घरी तिने यातलं काही सांगितलं नाही. घरात ऐकायला रिकामं कोण होतं? बाबा चालले होते. डॉक्टर, म्हणजे खरे डॉक्टर, येऊन छातीला नळी लावून गेले आणि जिन्यात तिला म्हणाले, “आता दिवस मोजू नका. आहे तो दिवस आपला.”

बाबा या थोरलीचेच यंत्रज्ञ होते, उजव्या खुर्चीतले. शेवटच्या उड्डाणानंतर परत आले ते असे आले. वेड नाही, आजार नाही, कुणाशी भांडण नाही. कामावर जात, घराचं भाडं भरत, पायपुसण्यावर बूट पुसून आत येत. पण काही विचारलं की उत्तर जरा वेळाने यायचं, लांबच्या टेलिफोनवर येतं तसं, आणि नजर समोरच्याच्या तोंडावर न थांबता पार पलीकडे कुठेतरी लागलेली. मुलीचं तोंड त्यांनी असं नीट कधी पाहिलंच नव्हतं. लोकांना वाटायचं, वडिलांच्या कौतुकाने पोरगी विमानांच्या कामात शिरली. खरं कारण निराळं होतं. घरात असून घरी नसलेला हा माणूस आहे तरी कुठे, ते तिला शोधायचं होतं.

आणि एक गोष्ट घरात थट्टेवारी गेलेली. दुपारची जेवणं आटोपून चहाची वेळ झाली की बाबा टेबलाशी बसल्या बसल्या उजवीकडे कलायचे. खांदा खाली, मान ताठ, हात टेबलाच्या कडेला घट्ट. थोड्या वेळाने पुन्हा सरळ. आई त्या वेळी न बघताच मिठाची बाटली बाजूला सारायची आणि म्हणायची, “आलं बाई यांचं वळण.”

आता ते पलंगावर होते, पण पलंगावरसुद्धा कलत होते.

“मला त्यांच्या जाण्याचं भय नाही गं,” आई स्वयंपाकघरात हात पुसत म्हणाली. “वय झालं, जातील. पण माणसाने आधी घरी यावं आणि मग जावं. असं परस्पर नको. लग्न माणसाशी झालं आणि संसार त्याच्या सावलीशी केला मी. एकदा माझ्याकडे बघू दे. एकदाच. मग खुशाल जाऊ दे.”

मुलीचंही मागणं तेवढंच होतं, फक्त आईने ते आधी बोलून दाखवलं.

३

संशय तिला त्या रात्री अंथरुणात आला, आणि सकाळी दात घासताना तो तिने हसण्यावारी नेला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! बाबांचं कलणं आणि चहाचं कलणं एकाच वेळी होतं, त्याला योगायोग म्हणतात. जगात दुपारी कितीतरी गोष्टी होतात.

तरी तिने वायरमनला हाक मारली. वायरमन संग्रहालयाचा जुना माणूस. हात सोन्याचे, पण जिभेला हाड नाही.

“आत बसायचं,” ती म्हणाली, “आणि या पेल्याकडे बघत राहायचं. पाणी हललं की ओरडायचं.”

“पाणी हललं की?”

“हो.”

“बाई, उद्घाटन जवळ आलं की सगळ्यांच्याच डोक्यावर परिणाम होतो. मागच्या वेळी संचालक एका पुतळ्याशी बोलत होते.”

“बसतोस की नाही?”

तो बसला. शिशाच्या खोलीत मोबाईल लागत नाही, म्हणून ती दारात शिडीवर उभी राहिली आणि तिने घरी फोन लावला. आईला सांगितलं, बाबांजवळ बस, काही नको करूस, फक्त बघ. आई काय-कशाला विचारायची बाई नव्हे. ती बसली. फोनमधून घड्याळाची टिकटिक आणि बाबांचा खरखरता श्वास ऐकू येत होता. आतून वायरमन घराच्या गळक्या छपराबद्दल काहीतरी सांगत होता.

वायरमन मध्येच थांबला. त्याला बोलता बोलता थांबलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

“कलले,” आई फोनवर म्हणाली.

“बाई,” आतून आवाज आला, अगदी हळू, “पाणी चढतंय.”

दोघं एकदमच बोलले. फोन खांद्याशी दाबून तिने शिडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. खाली रंगारी शीळ घालत भिंत रंगवत होता. आपल्या पायाखालची शिडी स्थिर आहे आणि हातभर पलीकडची ती खोली वळते आहे, हे तिच्या डोक्यात शिरेना.

“सरळ झाले,” आई म्हणाली.

“उतरलं,” वायरमन म्हणाला. मग तो बाहेर आला, शिडी उतरला आणि घोटभरही न पिता तो पेला त्याने मोरीत ओतला.

४

“वळण कसलं, ते तू कधी विचारलंच नाहीस,” आई म्हणाली.

संध्याकाळ होती. बाबा निजले होते. आईने मांडीवर वाटाणे घेतले होते आणि शेंगा सोलता सोलता ती बोलत होती.

“त्या काळी सगळ्यांना तेच वेड होतं. अणूवर आगबोट, अणूवर रणगाडा, अणूवर आगगाडी. रणगाड्याचं तर नुसतं चित्रच निघालं. पाणबुडीला ते साधलं, पाण्याला वजनाचं काय! विमानाचं मात्र नाकापेक्षा मोती जड. एवढंसं इंजिन आणि एवढं मोठं शिसं. दुसऱ्या देशांनी भट्टी विमानात ठेवून नुसती फिरवून आणली म्हणत. आपली थोरली तिच्यावर खरीच उडाली. तेल नको, थांबा नको. वर गेलं की दिवसच्या दिवस वरच. दुपारी समुद्राच्या टोकाला पोचायचं आणि वळायचं. आणि पंख कलवून नाही वळायचं, पोटात निखारा होता ना! भरली घागर घेऊन बाई वळते तशी सपाट वळायची. आत हे दोघे खुर्चीला धरून बसायचे.”

दुसरा म्हणजे वैमानिक. त्याला सगळे ‘राजे’ म्हणत. एकटा जीव, मागे ना पुढे. जेवायला कायम यांच्याच घरी.

“आणि उतरल्यावर?” तिने विचारलं.

“उतरल्यावर लगेच बाहेर यायचं नाही. बाहेर जास्त धोका. भट्टी निवेपर्यंत त्या पेटीतच बसायचं, कधी कधी अर्धा दिवस. त्या पिवळ्या काचेतून बाहेरचं धड काही दिसत नाही, ऐकू येत नाही. मग खालचा मुकादम यायचा, पोटाखाली टेलिफोनची वायर खुपसायचा आणि म्हणायचा, ‘पोचलात. या खाली.’ ते ऐकलं की उड्डाण संपलं. इंजिन बंद झालं म्हणून नाही, चाकं टेकली म्हणून नाही. राजे म्हणायचा, मुकादमाने म्हटल्याशिवाय मी हवेतच.”

आईचा हात थांबला.

“शेवटच्या दिवशी थोरली टेकली आणि त्याच वेळी भोंग्यावर हुकूम वाचला. काम बंद. क्षेपणास्त्रं आली होती, आता विमान हवंय कुणाला? वरातीमागून घोडं. एवढी माणसं, एवढी वर्षं, आणि एका कागदात सगळं गुंडाळलं. मुकादमाने टेलिफोन तिथेच टाकला आणि तो चालता झाला, रडत. सगळेच गेले. संध्याकाळी कुणी पहारेकरी आला, त्याला काय ठाऊक? त्याने बाहेरून दार उघडलं आणि म्हणाला, ‘चला, आटपा, कुलूप लावायचंय.’ हे आले घरी. तू पाळण्यात होतीस. पाळण्याजवळून गेले आणि खुर्चीत बसले.”

“आणि राजे?”

“तोही यांच्यासारखाच व्हायला लागला होता. दुसऱ्या वर्षी गेला. मी स्वतः होते त्याला पोचवायला, माती द्यायला.” आईने वाटाणे बाजूला ठेवले. “दार उघडलं म्हणजे माणूस बाहेर येतोच असं थोडंच असतं?”

५

नव्या दालनात थोरलीच्या पोटाखाली जुना टेलिफोन बसवायचा आणि येणाऱ्या पोराटोरांना इंजिनाची नुसती घरघर ऐकवायची, ही संचालकांची हौस. जुनं भोक गंजलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनने ते साफ करून पितळ लख्ख केलं, आणि दुपारी, रंगारी जेवायला गेले होते तेव्हा, त्याने वायर खुपसली आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

तिने तो कानाला लावला. घरघर होती. जाड भिंतीपलीकडून यावी तशी, सलग, न दमणारी. या धंद्यात तिने हरतऱ्हेची इंजिनं ऐकली होती, पण हे असं कुठलं नव्हतं. या आवाजात इंधन जळण्याची ती बारीक फडफडच नव्हती.

“छान लावलंस रेकॉर्डिंग,” ती म्हणाली.

वायरमन शिडीच्या पायरीवर वायरीचं भेंडोळं घेऊन बसला होता. त्याने भेंडोळं वर करून दाखवलं. “बाई, रेकॉर्डिंगच्या यंत्राची वायर अजून माझ्या हातात आहे.”

जवळून विजेची तार जात असेल. एखादं आकाशवाणी केंद्र पकडलं असेल, लोखंडाचा एवढा मोठा सांगाडा, काय सांगावं! ती स्वतःशी असं म्हणत असतानाच घरघरीत कुणीतरी घसा साफ केला.

“जमीन?” आवाज म्हणाला. मग थोडा वेळ काहीच नाही. “जमीन, ऐकू येतंय का?”

तरुण आवाज होता. तो तिने कधी ऐकला नव्हता, पण शब्दांमधलं ते थांबणं तिने जन्मभर ऐकलं होतं. जेवणाच्या टेबलावर, दारात, परीक्षेचा निकाल सांगताना.

मागून दुसरं कुणीतरी हसलं. मोकळं, मोठं हसू. “झोपले असतील रे सगळे,” ते म्हणालं. “बस. सांगतील की. सांगितल्याशिवाय का ठेवणार आहेत?”

तिने रिसीव्हर ठेवला. खरं सांगायचं तर तिच्या हातून तो सुटलाच. बाबांच्या आवाजाने तिला रडू आलं होतं. त्या दुसऱ्या हसण्याने मात्र तिची पाचावर धारण बसली, कारण तो हसणारा कुठे पुरलाय ते आईला माहीत होतं. शिशाच्या त्या पेटीत दोन खुर्च्या होत्या, आणि इतके दिवस ती त्यांतल्या एका खुर्चीवर बसून बिस्किटं खात होती. मग ती खुर्ची रिकामी होती की नव्हती?

“बाई,” वायरमन म्हणाला, “मी छप्पर दुरुस्त करायला घरी जातो.”

“बस खाली,” ती म्हणाली. तो बसला.

६

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई होती.

“पाणी गिळत नाहीत. श्वास थांबतोय, पुन्हा सुरू होतोय. डॉक्टरांना निरोप धाडलाय. पण डॉक्टर काय करणार?”

“मी निघते.”

“निघ,” आई म्हणाली, आणि मग लगेच, “नको. थांब. काल तू जे बघायला लावलंस, त्याचं काय झालं?”

तिने सांगितलं. सगळं, एका दमात, अगदी हसण्यासकट. सांगताना तिलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. शिकलेली बाई, चार लोकांत मान असलेली, विमानाच्या पोटाखाली उभी राहून आईला भुताच्या गोष्टी सांगतेय. फोनमधून फक्त बाबांचा श्वास ऐकू येत होता, आणि मग तोही येईना, आणि मग पुन्हा आला.

“मग इकडे येऊन काय करणार आहेस?” आई म्हणाली. “उशाशी बसायला मी आहे. तू त्यांना उतरव.”

“आई, आत दोघं आहेत. राजेंना तू पोचवून आलीस. ते उतरले तर...”

पलीकडे आईने बाबांचं पांघरूण सारखं केल्याची सळसळ ऐकू आली.

“एकाला वर ठेवून दुसरा उतरत नसतो,” ती म्हणाली. “त्यांच्यात ती रीत नव्हती. बोलव दोघांना. पुढचं पुढे बघू.”

तिने रिसीव्हर उचलला. सगळं आयुष्य ती ज्या माणसाला शोधत होती तो त्या वायरीच्या टोकाला होता. अशा वेळी घाबरायचं ते मागाहून.

“जमीन बोलतेय,” ती म्हणाली.

घरघरीवर कुणाचा तरी श्वास अडकला.

“पोचलात,” ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने, सगळं दालन घुमेल असं. “पोचलात! या खाली!”

घरघर थांबली. आधी इतकी शांतता की रंगाच्या डब्यावरची माशी ऐकू यावी. आणि मग थोरली खाली आली. त्याला दुसरा शब्द नाही. जागची न हलता ती खाली आली. वर्षानुवर्षं जे वजन तिच्या अंगावर नव्हतं ते एकदम तिच्यावर पडलं; टायर दबले, चाकांखालचे ठोकळे किंचाळले, फरशीला पार भिंतीपर्यंत भेग गेली, आणि एवढा मोठा पंख टोकापासून थरथरत थरथरत स्थिर झाला.

“उतरली!” वायरमन नाचायला लागला. त्याला अर्धंमुर्धंच ठाऊक होतं, तरी तो नाचत होता. “बाई, उतरली हो! उतरली!”

तीही ओरडली. काय ओरडली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. छातीत मावत नव्हता इतका आनंद होता तो, जिंकल्याचा, निव्वळ जिंकल्याचा. आणि त्या आनंदातच तिला दिसलं की वर, शिशाच्या खोलीच्या दाराचं चाक फिरतंय. आतून.

दार बोटभर उघडलं. मग वीतभर. वायरमनचा नाच जागीच थांबला. काळोखातून एक बूट बाहेर आला, जुन्या घडणीचा, पॉलिश केलेला, आणि शिडीची पायरी चाचपू लागला. पायरी सापडली. वरून एक हात आला आणि त्याने दांडा धरला. तिशीतला हात, केसाळ मनगट, आणि बोटात ती अंगठी जी घरी पलंगावर एका सुरकुतलेल्या बोटात होती.

तिने डोळे खाली केले. पाहू नये असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण आपल्या बापाचं ते तोंड बापाने स्वतः दाखवायच्या आधी पाहायचं नाही, एवढं तिला कळलं. शिडी एकेक पायरी करकरत राहिली. कुणीतरी तिच्या इतक्या जवळून गेलं की तिच्या बाहीवरून ऊब सरकली. पावलं दालनभर वाजत गेली आणि बाजूच्या दारातून उन्हात गेली.

मग शिडी पुन्हा करकरायला लागली.

७

घरी पोचेपर्यंत ती धावलीच. जिना चढताना आतून आईचं हसू ऐकू आलं. असं हसू आईजवळ आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

बाबा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसले होते. समोर उकडलेली अंडी आणि पाव, आणि ते भुकेलेल्या माणसासारखे खात होते. डॉक्टर खिडकीशी उभे राहून आपल्याच नळीकडे संशयाने बघत होते. “मी काही केलेलं नाही,” ते म्हणाले, कुणी न विचारताच, आणि पिशवी उचलून निघून गेले.

बाबांनी मान वर केली. नजर आली, ती थेट तिच्या तोंडावर आली आणि तिथेच थांबली.

“तुम्ही कोण?” त्यांनी विचारलं. वेळ लागला नाही, थांबणं नाही. “डोळे ओळखीचे वाटतात.”

आई पदराने तोंड झाकून एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

“पाळण्यात होती ना,” ती म्हणाली, “तीच ही.”

बाबांनी घास खाली ठेवला. आधी स्वतःच्या सुरकुतलेल्या हातांकडे पाहिलं, मग आईच्या पांढऱ्या केसांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांच्या तोंडावरून जे जे गेलं ते त्या दोघींनी पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि तिचा गाल धरला, अगदी लहान मुलाचा धरावा तसा.

“फार वेळ लागला गं,” ते म्हणाले. “आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

“आता सांगितलं ना, बाबा.”

“हो. तूच होतीस का ती? आवाज कसला खणखणीत! राजे म्हणालाच, ही जमीन कुणीतरी नवीन दिसते.”

तिने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती रडली, आणि अशी रडली की त्यात दुःखाचा अंशही नव्हता. आज जातील, उद्या जातील, आता कधीही जाऊ देत, घरातून जातील. तिने तिच्या माणसाला आकाशातून खाली आणलं होतं, आणि असं काम जगातल्या कुठल्याच डॉक्टरीणबाईने केलं नव्हतं. आईचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

“बाजूला सरका बरं,” बाबा म्हणाले. “अजून एक खुर्ची लागेल. तो मागेच होता. थोरलीचं दार लावून येतो म्हणाला.”

आईचा हात थांबला.

खाली रस्त्यावरचं दार वाजलं. मग जिन्यावर पावलं. जड, आणि एकेका पायरीवर थांबणारी, पायांना जमिनीची सवय राहिली नसावी तशी. पहिला मजला झाला. पावलं थांबली नाहीत. बाबांना घरी यायला त्यांचं शरीर होतं, पलंगावर वाट बघत बसलेलं. या दुसऱ्याला काय होतं, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो पुरा होऊ दिला नाही. तिने आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

पावलं दाराशी आली आणि थांबली. दार वाजलं नाही. पलीकडे कुणीतरी नुसतं उभं होतं, सांगितल्याशिवाय आत न येणारं.

“अगं, उघडा की कुणीतरी,” बाबा आनंदाने म्हणाले.

आई उठली. तिने पदर खोचला, फळीवरून आणखी एक ताट काढलं, ते बाबांच्या ताटाशेजारी मांडलं आणि खुर्ची ओढली. ताट ठेवताना ते किणकिणलं, एवढंच.

“बघत काय राहिलीस?” ती मुलीला म्हणाली. “आपणच बोलावलंय ना? मग उघड. इतक्या वर्षांचा उपाशी असेल तो.”

ती दाराशी गेली. कडी हाताला कोमट लागली. तिने ती काढली.